सेकंडहँड परफॉर्मन्स सेडान पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी

चार दारे, मागच्या बाकावर मोठी माणसे नीट बसतील एवढी जागा, सामानाला पुरेशी डिकी आणि बोनेटखाली स्पोर्ट्स कारला शोभेल असे इंजिन, अशी गाडी नवी असताना बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते आणि सात-आठ वर्षांनी ती आवाक्यात आल्यासारखी दिसू लागते. ‘दिसू लागते’ असे मुद्दामच म्हटले आहे. गाडीचा भाव वर्षागणिक उतरतो, पण तिच्या ब्रेक डिस्कचा, टर्बोचा किंवा गिअरबॉक्समधल्या क्लचचा भाव उतरत नाही. मूळ किमतीच्या एक तृतीयांशावर आलेली गाडी दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये उभी राहते तेव्हा तिचे बिल मात्र मूळ किमतीच्या गाडीचेच निघते.

‘भरवशाची’ या शब्दाचा अर्थही येथे थोडा बदलतो. साधी सेडान भरवशाची म्हणजे जिला सहसा काही होत नाही ती. मिनिटाला आठ हजार फेरे घेणाऱ्या किंवा दोन टर्बो बसवलेल्या इंजिनाबद्दल असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. अशा प्रत्येक इंजिनाचा एखाद-दुसरा कच्चा दुवा असतो आणि त्या गाड्यांवर काम करणाऱ्या मेकॅनिकांना तो तोंडपाठ असतो. म्हणून निर्दोष गाडी शोधण्याच्या नादी न लागता, जिचा ठरलेला दोष आधीच्या मालकाने वेळेवर काढून घेतला आहे आणि त्याचे बिल जपून ठेवले आहे, अशी गाडी शोधावी. पुढे सांगितलेल्या सर्व पायऱ्या याच शोधासाठी आहेत.

पहिली पायरी: पैसे दोन भागांत ठेवणे

हाताशी असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. किमान पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी वेगळी ठेवावी, आणि ती ठेवल्यावर गाडी परवडत नसेल तर एक पायरी खालची गाडी पाहावी. ताकदीची, पण डबघाईला आलेली गाडी घेण्यापेक्षा थोडी कमी ताकदीची आणि उत्तम राखलेली गाडी केव्हाही बरी.

मॉडेल निश्चित करण्यापूर्वी पाच गोष्टींचा भाव काढून ठेवावा: चारही टायर, पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड, एक शॉक अब्सॉर्बर, क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सर्व्हिस, आणि इंजिन ऑइलचा एक पूर्ण बदल. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण बीएमडब्ल्यूच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) एम३ला १०डब्ल्यू-६० प्रतीचे महाग ऑइल सुमारे नऊ लिटर लागते, तेव्हा साध्या गाडीचा हिशोब येथे चालत नाही. विम्याचा हप्ताही याच टप्प्यावर विचारून घ्यावा. गाडी पसंत पडल्यावर विचारला, तर उत्तर काहीही आले तरी मन गाडीच्याच बाजूने कौल देते.

कार्बन-सिरॅमिक ब्रेक बसवलेली गाडी असेल तर अधिक सावध राहावे. या डिस्क झिजल्या आहेत की नाही हे नुसत्या जाडीवरून नीट कळत नाही, त्यांचे वजन करावे लागते आणि किमान किती वजन राहिले पाहिजे ते सहसा डिस्कवरच कोरलेले असते. त्या बदलण्याचा खर्च कधी कधी छोट्या गाडीच्या किमतीइतका होतो.

दुसरी पायरी: मॉडेलचा कच्चा दुवा जाणून घेणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण येथे केलेला अभ्यास पुढे प्रत्येक भेटीत उपयोगी पडतो. काही प्रसिद्ध उदाहरणांवरून काय शोधायचे असते ते स्पष्ट होईल.

बीएमडब्ल्यूने २००८ ते २०११ या काळात चार दारांची एम३ बनवली. तिच्यातील चार लिटरच्या व्ही८ इंजिनाची ताकद सुमारे ४२० अश्वशक्ती असून ते मिनिटाला ८,३०० फेऱ्यांच्याही पुढे जाते. या इंजिनातील कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांची) बेअरिंग अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात. ही झीज बाहेरून दिसत नाही, सुरुवातीला ऐकूही येत नाही, आणि ठोका ऐकू येऊ लागतो तोवर क्रँकशाफ्टला इजा झालेली असते. वेळेवर बेअरिंग बदलायची झाल्यास इंजिन बाहेर काढावे लागत नाही, खालून सबफ्रेम उतरवून आणि ऑइल पॅन काढून काम होते. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न एकच विचारावा: बेअरिंग बदलली का, किती किलोमीटरवर बदलली, आणि काढलेल्या जुन्या बेअरिंगची छायाचित्रे आहेत का? जाणता मालक छायाचित्रे काढून ठेवतो. याच इंजिनातील थ्रॉटल ॲक्च्युएटरही (हवेची झडप उघडणारे भाग) निकामी होतात, पण तो दोष इंजिनाच्या जिवावर बेतणारा नाही.

मर्सिडीजच्या पहिल्या सी६३ एएमजीमध्ये ६.२ लिटरचे, टर्बो नसलेले व्ही८ इंजिन होते. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतील सिलिंडर हेडचे बोल्ट गंजून तुटण्याचा दोष माहीतगारांना परिचित आहे. बोल्ट तुटला की कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आणि मग प्रकरण बोल्टपुरते राहत नाही. पुढे कंपनीने बोल्टचा नमुना बदलला, म्हणून इंजिन क्रमांकावरून ते कोणत्या काळातले आहे हे पाहावे आणि जुन्या काळातले असल्यास बोल्ट बदलल्याचे बिल मागावे.

ऑडीची २००५ नंतरची आरएस४ वेगळ्या कारणाने त्रास देते. तिचे ४.२ लिटरचे इंजिन पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारते. इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवरून पेट्रोल वाहत नसल्याने तेथे ऑइलच्या वाफांची काजळी साचत जाते, हवा कमी पडते आणि ताकद हळूहळू उतरते. उतार इतका सावकाश असतो की रोज चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही. काजळी काढण्याची रूढ पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने मारणे. धातूला ओरखडा न पडता काजळी निघते. या गाडीतले शॉक अब्सॉर्बर कर्णरेषेत समोरासमोरच्या कोपऱ्यांत तेलाच्या नळ्यांनी जोडलेले असतात आणि त्यांतून गळती होते. अनेक मालक ती व्यवस्था काढून साधे शॉक अब्सॉर्बर बसवतात, आणि ते काम चांगले झालेले असेल तर त्यात वावगे काही नाही.

दोन टर्बोच्या बीएमडब्ल्यू ३३५आयमधील २००६ साली आलेल्या इंजिनाचा उच्च दाबाचा इंधनपंप आणि टर्बोच्या वेस्टगेटची (जादा दाब वळवणाऱ्या झडपेची) खडखड यांनी पुष्कळांना छळले आहे. सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआयच्या अडीच लिटर टर्बो इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधली धार तडकते, विशेषतः कोणी ताकद वाढवण्यासाठी कंट्रोल युनिटचे आकडे बेतालपणे बदलले, म्हणजे रिमॅप केला असेल तर. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या दहाव्या पिढीत मागच्या चाकांतली ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा पंप चिखलपाण्याने गंजतो. या उलट लेक्सस आयएस एफच्या पाच लिटर व्ही८ इंजिनात पेट्रोल दोन ठिकाणी फवारले जाते, थेट सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हच्या आधीही, त्यामुळे काजळीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तिच्या इंजिनाच्या सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत कूलंट झिरपण्याची तक्रार मात्र असते. भाग स्वस्त, पण तिथवर पोहोचण्याची मजुरी जास्त, असा तो प्रकार आहे. नवख्या माणसाने विचारले तर मी या यादीतली लेक्सस सुचवीन, जरी तिच्या स्टिअरिंगमध्ये एम३ची जिवंत बोलकी जाण नाही हे मान्य करावे लागते.

एक इशारा. ज्या मॉडेलविषयी सर्वांत जास्त तक्रारी ऐकू येतात ते सर्वांत वाईट असतेच असे नाही. त्याचे दोष सर्वांना ठाऊक झालेले असतात, त्यांवरचे उपाय ठरून गेलेले असतात आणि सुधारित भाग सहज मिळतात. क्वचित विकल्या गेलेल्या गाडीविषयी तक्रार ऐकू येत नाही, कारण तक्रार करणारेच थोडे असतात. तिचा दोष पहिल्यांदा शोधून काढण्याचा मान आपल्याला मिळण्याची शक्यता असते. त्याचप्रमाणे एकाच मॉडेलच्या पहिल्या दोन वर्षांच्या गाड्यांपेक्षा शेवटच्या दोन वर्षांच्या गाड्या सहसा अधिक सुधारलेल्या असतात, तेव्हा थोडे जास्त पैसे पडले तरी त्या पाहाव्यात.

तिसरी पायरी: फोनवरचे बोलणे

गाडी पाहायला जाण्यापूर्वी फोनवर चार प्रश्न पुरेत: गाडी किती दिवस आपल्याकडे आहे, का विकत आहात, कोणत्या मेकॅनिककडे देता, आणि शेवटचे मोठे काम कोणते केले. ज्याने गाडी जपली आहे तो शेवटच्या प्रश्नावर आपण थांबवेपर्यंत बोलत राहतो. ‘काहीच काम करावे लागले नाही’ हे उत्तर साध्या सेडानला शोभते; १,००,००० किलोमीटर चाललेल्या परफॉर्मन्स सेडानबाबत ते ऐकले, तर कामे व्हायची होती आणि झाली नाहीत, असाच अर्थ घ्यावा.

चौथी पायरी: कागद

चेसिस क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजीतली आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीही वापरली जात नाहीत. तो काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि नोंदणीच्या कागदावर एकच आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. याच क्रमांकावरून कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत ही गाडी आहे का आणि ते काम झाले का, हे कळू शकते. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती कधी ठोकून विम्यात बाद ठरली होती का, याची खातरजमा विक्रेत्याच्या शब्दावर न सोडता नोंदणी कार्यालयाच्या आणि विमा कंपनीच्या नोंदींतून करावी.

त्यानंतर सर्व्हिसची पुस्तिका. येथे शिक्के मोजू नयेत, बिले वाचावीत. मी एकदा पाहिलेल्या गाडीच्या पुस्तिकेत सहा वर्षांचे सहा शिक्के होते, आणि सहाही ठिकाणी तारीख एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाच्या अक्षरात लिहिलेली होती; शाईसुद्धा सारखीच ताजी होती. विक्रेत्याने पुस्तिका अभिमानाने पुढे केली होती. बिलाचे तसे करणे अवघड असते, कारण बिलावर भागांचे क्रमांक असतात, त्या दिवशीचे किलोमीटर असतात आणि ऑइलची प्रत लिहिलेली असते. ऑइल चुकीच्या प्रतीचे असेल तर ते नियमित बदलले होते हा युक्तिवाद निम्माच उरतो.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर एक मोलाची गोष्ट असते आणि नवखे लोक तिच्याकडे लक्ष देत नाहीत. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना सुमारे २,००० किलोमीटरवर एक खास सर्व्हिस ठरलेली असते. तीत इंजिनाचे आणि डिफरन्शिअलचे (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचे) ऑइल बदलतात, कारण नवे भाग एकमेकांत बसताना निघालेले धातूचे कण त्या ऑइलात असतात. ही सर्व्हिस झाली नसेल तर पहिल्या मालकाने गाडी कशी वापरली याचा अंदाज तेथेच येतो. ऑइल बदलाचे अंतरही पाहावे. कंपनीने २५,००० किलोमीटरची मुभा दिली असली तरी जाणते मालक ८,००० ते १०,००० किलोमीटरवर ऑइल बदलतात.

ओडोमीटरवरचा आकडा हा या सगळ्यानंतर पाहण्याचा विषय आहे. तो मागे फिरवलेला असू शकतो, म्हणून ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचे चामडे आणि चालकाच्या सीटचा दाराकडचा उंच काठ यांची झीज आकड्याशी जुळते का ते पाहावे. अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद इतर कंट्रोल युनिटांतही (गाडीतल्या छोट्या संगणकांतही) होत असते आणि स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या सॉकेटला जोडायच्या उपकरणाने, ती वाचता येते. फार कमी चाललेल्या गाडीचा मोहही आवरावा. दहा वर्षांत २०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीतले सील आणि होज वाळलेले असतात, टायर कडक झालेले असतात आणि ती बहुधा दरवेळी इतकी थोडी चाललेली असते की ऑइल कधी पुरते तापलेच नसेल.

पाचवी पायरी: थंड इंजिन

भेट ठरवतानाच गाडी रात्रभर बंद असावी आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नये, अशी स्पष्ट विनंती करावी. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच बोनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला तर कारण काहीही सांगितले जावो, पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. इंजिनाचे बरेचसे दोष पहिल्या अर्ध्या मिनिटात बोलतात आणि तापल्यावर गप्प होतात. विक्रेत्यालाही ते ठाऊक असते.

सुरू करण्याआधी ऑइलची पातळी, कूलंटची पातळी आणि रंग, ऑइलच्या झाकणाची आतली बाजू आणि इंजिनाच्या खालची जमीन पाहून घ्यावी. झाकणाखाली पिवळट फेसाळ थर दिसला तर ऑइलात पाणी मिसळले आहे. गाडी केवळ थोड्या अंतरावर फिरत असल्यानेही हे होते, पण कूलंटही कमी असेल तर संशय बळावतो. आता विक्रेत्याला गाडी सुरू करू द्यावी आणि आपण मागे, सायलेन्सरपाशी उभे राहावे. निळसर धूर आला तर ऑइल जळत आहे. थंड हवेत पांढरी वाफ थोडा वेळ येणारच, पण ती दाट असेल, विरत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळत आहे. काळा धूर जास्त पेट्रोल जात असल्याची खूण आहे.

मग पुढे येऊन ऐकावे. टायमिंग चेनची खडखड एक-दोन सेकंदांत थांबली तर ठीक. ती चालूच राहिली तर चेन, तिचा ताण सांभाळणारा भाग किंवा मार्गदर्शक पट्ट्या थकल्या आहेत. ऑडीच्या काही व्ही८ इंजिनांत या चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या आहेत, म्हणून तेथे एका पट्टीसाठी संपूर्ण इंजिन उतरवावे लागते. थेट फवारणीच्या इंजिनांतून शिलाईच्या यंत्रासारखी बारीक टकटक येते, ती इंजेक्टरची असते आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. खोल, जड, फेऱ्यांबरोबर वाढणारा ठोका मात्र वेगळा ओळखू येतो. तो ऐकू आला तर पुढच्या पायऱ्यांची गरज उरत नाही.

सहावी पायरी: स्कॅनर आणि रिमॅप

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ठरावीक नमुन्याचे निदान-सॉकेट बंधनकारक आहे, त्यामुळे साधा स्कॅनरही बहुतेक गाड्यांवर चालतो. नवखा माणूस त्यावर केवळ दोषांचे कोड पाहतो आणि एकही न दिसल्यास समाधान मानतो. त्याच स्कॅनरवर गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत की नाही हेही दिसते. सर्व तपासण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील आणि बॅटरीही नुकतीच काढलेली नसेल, तर कोणीतरी आदल्या दिवशी कोड पुसले आहेत.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधले आकडे बदलून ताकद वाढवणे. टर्बो गाड्यांत ते सोपे आणि लोभसवाणे असते, आणि विकताना मूळचा प्रोग्रॅम परत घालणेही तितकेच सोपे असते. म्हणून रिमॅप नाही हे शब्द पुरेसे नसतात. फोक्सवॅगन-ऑडी समूहाच्या गाडीत असा बदल सापडल्यास कंपनी आपल्या नोंदीत ‘टीडी१’ अशी खूण करते, अधिकृत केंद्रात ती विचारता येते. बाकी खुणा बोनेटखाली सापडतात: वेगळ्या आकाराचा एअर फिल्टर, बदललेला इंटरकूलर, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, दाखवणाऱ्या मीटरसाठी पाडलेली आणि पुन्हा बुजवलेली भोके. माझे मत असे की चांगल्या माणसाने केलेला, बिलासह उघडपणे सांगितलेला सौम्य रिमॅप लपवलेल्या रिमॅपपेक्षा कमी धोक्याचा असतो, तरी पहिलीच गाडी घेणाऱ्याने मूळ अवस्थेतलीच गाडी घ्यावी, कारण बदललेल्या गाडीचा दोष नेमका कोणाचा हे शोधायला अनुभव लागतो.

हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. पाचव्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला, तर चाके इंजिनाला ओढून मर्यादेबाहेर फिरवतात. रेव्ह लिमिटर (फेरे मर्यादेत ठेवणारी व्यवस्था) तेव्हा काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. काही कंपन्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये अशा अतिफेऱ्यांची नोंद राहते. ती वाचता येत असेल तर अवश्य वाचून घ्यावी.

सातवी पायरी: अंग, पोट आणि टायर

रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण बरोबर न्यावे. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर ३०० च्या पुढे आकडा गेला तर ते पुन्हा रंगवले आहे, आणि हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बंपरला लागलेले खरचटे क्षम्य असतात. पुढच्या चाकांच्या आतली पट्टी, डिकीचा तळ आणि चेसिसची टोके यांवर नवा रंग किंवा वेल्डिंग दिसले तर मात्र गाडी सोडावी. वेगाने चालवायच्या गाडीचे अंग सरळच असले पाहिजे.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच नामवंत कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे असतील तर मालकाने गाडीच्या देखभालीत पैसे वाचवलेले नाहीत. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या टायरच्या खाचांत दोन मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर मधले डिफरन्शिअल विनाकारण सतत झिजत असते, म्हणून तेथे ही तपासणी केवळ टायरपुरती राहत नाही. आतल्या कडेला जास्त झिजलेला टायर अलाइनमेंट, थकलेले बुश किंवा मुद्दाम खाली बसवलेली गाडी यांपैकी काहीतरी सांगत असतो.

आठवी पायरी: चालवून पाहणे

सुरुवातीला विक्रेत्यालाच चालवू द्यावे आणि आपण शेजारी बसावे. थंड इंजिनाशी तो कसा वागतो हे पाहण्याची ही एकमेव संधी असते. घराबाहेर पडताच आपल्याला ताकद दाखवण्यासाठी त्याने पेडल जमिनीला टेकवले, तर अशा कित्येक सकाळी त्या बेअरिंगांनी सोसल्या असतील. मीटरवरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले असेही नाही. तो काटा बहुधा कूलंटचा असतो आणि ऑइल तापायला त्यापुढे आणखी दहा-पंधरा मिनिटे लागतात. ऑइल ८० ते ९० अंशांवर आल्यानंतरच आपण पूर्ण ताकद मागावी.

वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पेडल पूर्ण दाबावे. वेग न वाढता फेरेच वाढले तर क्लच घसरतो आहे. गाडी हिसके देत असेल तर प्लग, कॉइल किंवा इंजेक्टरकडे बोट जाते, आणि टर्बो गाडीत ताकद मधेच बसल्यासारखी वाटली तर बूस्टची गळती असू शकते. दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होत नाही, ती रांगेत सरकताना, चढावर आणि रिव्हर्स घेताना होते. तेथे थरथर किंवा धक्का बसता कामा नये. ब्रेक ताशी १०० वरून ४० पर्यंत, सलग तीन-चार वेळा दाबून पाहावेत आणि स्टिअरिंग हलते का यावर लक्ष ठेवावे. रिकाम्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून संथ गोल फेरी मारावी, कारण डिफरन्शिअल अडखळत असेल तर ते येथेच कुरकुरते.

परत आल्यावर लगेच इंजिन बंद करू नये. पाच मिनिटे जागेवर चालू ठेवून मग हलकेच रेस द्यावी. त्या क्षणी निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे किंवा टर्बोचे सील गळत आहेत. नंतर बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावे, आणि गाडीखाली वाकून पाहावे.

नववी पायरी: दुसऱ्याचे डोळे

इतके होऊनही गाडी मनात राहिली असेल, तर त्याच कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या आणि विक्रेत्याशी ओळख नसलेल्या मेकॅनिककडे ती दोन तासांसाठी न्यावी. लिफ्टवर चढवून खालची गळती पाहणे, प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती निसटते हे मोजणे, प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती पाहणे आणि कूलंटची दाब-चाचणी घेणे, एवढी कामे ठरवून सांगावीत. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांतला आपापसातला फरक महत्त्वाचा असतो. सात सिलिंडर सारखे आणि आठवा वेगळा असेल तर सरासरी काढून समाधान करून घेऊ नये. शक्य असल्यास ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, कारण बेअरिंगचे धातू ऑइलात कानाला ठोका ऐकू येण्याच्या कितीतरी आधी दिसतात. विक्रेता तपासणीला नकार देत असेल तर वाद न घालता निघून यावे.

दहावी पायरी: सौदा आणि पहिले हजार किलोमीटर

तपासणीत निघालेल्या कामांची यादी भागांच्या भावासह विक्रेत्यापुढे ठेवावी आणि तेवढीच रक्कम कमी मागावी. गाडीला उगाच नावे ठेवल्याने जपणारा मालक दुखावतो आणि न जपणाऱ्याला फरक पडत नाही. इसार दिल्यास कोणत्या अटींवर तो परत मिळेल ते लिहून घ्यावे. दुसरी किल्ली, व्हील लॉकचा पाना, काढून ठेवलेले मूळ भाग आणि बिलांची मूळ फाइल गाडीबरोबरच ताब्यात घ्यावी.

गाडी घरी आल्यावर आधीच्या नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी सर्व द्रव बदलावेत: इंजिन ऑइल व फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, डिफरन्शिअलचे ऑइल आणि गिअरबॉक्सचे ऑइल. गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असे काही कार कंपन्या सांगतात. त्यातले पुष्कळ गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याची शिफारस करते, आणि बनवणाऱ्याचे ऐकलेले बरे. काढलेला ऑइल फिल्टर कापून उघडावा, त्याच्या घड्यांत चमकणारे कण आहेत का ते उन्हात धरून पाहावे आणि छायाचित्र काढून ठेवावे. नव्या ऑइलची पातळी ज्या सपाट जागेवर मोजली तेथेच १,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजावी, घट झाली असल्यास किती मिलिलिटर भरावे लागले ते तारीख आणि किलोमीटरसह वहीत लिहावे, आणि फिल्टरचे छायाचित्र त्याच पानावर चिकटवावे.